जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी केंद्र आणि मुंबईची जेनेटिक ओपीडी : फाइव्ह पी मायनस असलेल्या लेकीच्या आईचा रिव्ह्यू

आमच्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात डीईआयसी नावाचा एक विभाग आहे. बोर्डावर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असं लिहिलंय, म्हणजे जन्मजात दोष किंवा वाढीत उशीर असलेल्या लेकरांना लवकर तपासून उपचार द्यायची जागा, पण दवाखान्यात आलेल्या लोकांना विचारलं तर कुणालाच धड सांगता येत नाही, गेटवरच्या काकांना विचारलं की ते "लेकरांच्या व्यायामाची खोली का" म्हणून हात करतात. माझ्या लेकीला फाइव्ह पी मायनस आहे, डॉक्टर लोक क्री दू शा सिंड्रोम म्हणतात, आणि ती अगदी तान्ही असल्यापासून आम्ही तिथं जातोय, आता ती दोन वर्षं ओलांडून पुढं गेली. तिथलं चांगलं काय, कमी काय, आणि जिथं तिच्या आजाराचं नाव नीट समजावून मिळालं त्या मुंबईच्या जेनेटिक ओपीडीत, म्हणजे जनुकांचे आजार बघणाऱ्या विभागात, काय झालं हे सगळं लिहायचं बरेच दिवस मनात होतं. जिल्ह्याचं नाव मुद्दाम टाकत नाही, तिथली माणसं बदलत राहतात, आज ज्यांनी जीव लावला त्यांची उद्या बदली होते. गोदाकाठचं गाव आहे आमचं एवढं पुरे.

आधी आजाराबद्दल, कारण ज्याच्या घरात असं लेकरू जन्मतं त्याला पहिले काही महिने कुणीच सरळ सांगत नाही. आपल्या शरीरातल्या पेशींत क्रोमोसोमच्या, म्हणजे गुणसूत्रांच्या, २३ जोड्या असतात, त्यातल्या पाचव्या जोडीतल्या एका क्रोमोसोमचा वरचा आखूड भाग तुटून गेलेला असतो, तो किती तुटला यावर बरंच काही ठरतं. फ्रान्समधले डॉक्टर जेरोम लेजून यांनी १९६३ साली पहिल्यांदा याचं वर्णन केलं, डाऊन सिंड्रोममध्ये एकविसावा क्रोमोसोम जास्तीचा असतो हे दाखवणाऱ्यांतही तेच होते. साधारण १५ हजार ते ५० हजार जन्मांत एका लेकराला हा आजार असतो, म्हणजे एखाद्या तालुक्याच्या डॉक्टरनं आयुष्यात एकही केस बघितली नसेल तर त्यात नवल नाही. आपल्या इकडं किती लेकरं नाव न कळता तशीच जातात याचा हिशोब कोण ठेवतो, ते वेगळं.

लक्षणं म्हणाल तर जन्मताना वजन कमी, डोकं लहान, चेहरा गोल, दोन डोळ्यांत अंतर जास्त, कान खाली, हनुवटी बारकी, अंग एकदम सैल. आणि रडणं. माझी लेक जन्मली तेव्हा तिचं रडणं मांजरीच्या पिल्लासारखं बारीक आणि उंच होतं, वॉर्डातल्या बाकीच्या लेकरांच्या रडण्यातून मला ते लांबूनच कळायचं. घशातल्या स्वरयंत्राची बनावट वेगळी असल्यामुळं ते तसं येतं. बऱ्याच लेकरांचं हे रडणं मोठं होता होता बदलतं, म्हणून दीड-दोन वर्षांच्या लेकराला घेऊन कुणी गेलं तर डॉक्टरलाही अंदाज येणं अवघड जातं, लवकर जायचं ते यासाठी.

आम्हाला लवकर जायला लावलं ते आमच्या आशाताईनं. बाळंतपण दवाखान्यात झालं तरी आशाताईला घरी येऊन लेकराला बघायचं असतं, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी असं करत बेचाळीसाव्या दिवसापर्यंत. ती वजनकाटा झोळीला लावून बघायची आणि वजन वाढतच नव्हतं, दूध ओढताना लेकरू दमून जायचं, नाकातून दूध यायचं. गावातल्या बायका म्हणायच्या, सातव्या महिन्याचं दिसतंय, भरंल हळूहळू. तालुक्याच्या एका खाजगी डॉक्टरनं टॉनिक लिहून दिलं, आणि दुसऱ्या एकानं तर माझ्या तोंडावर सांगितलं की असली लेकरं जगत नसतात, जास्त खर्चात पडू नका. आशाताई मात्र अडून बसली, म्हणली वहिनी हे रडणं मला बरोबर वाटत नाही, आपण जिल्ह्याला जाऊ. एक वर्षाच्या आतल्या आजारी लेकराला सरकारी दवाखान्यात न्यायला-आणायला १०२ ची गाडी फुकट मिळते, हे पण तिनंच सांगितलं आणि तिनंच फोन लावला. त्या बाईचे उपकार मी कसे फेडू.

"असली लेकरं जगत नाहीत" हे वाक्य ज्यांनी ज्यांनी ऐकलं असेल त्यांच्यासाठी एवढं लिहिते. धोका पहिल्या वर्षात जास्त असतो, आणि तो जास्त करून हृदयाचा, छातीचा आणि पाजण्यातला असतो. ते वर्ष नीट काढलं की यातली बहुतेक लेकरं मोठी होतात, पार तरुण होतात. उशिरा चालतात, उशिरा आणि कमी बोलतात, शिकायला जड जातं, पण हसतात, माणसं ओळखतात, गाणं लावलं की नाचतात. मला हे पहिल्या महिन्यात कुणी सांगितलं असतं तर मी किती रात्री झोपले असते.

आता टेस्टबद्दल. संशय आला की कॅरियोटाइप नावाची रक्ताची तपासणी करतात. ती आमच्या जिल्ह्यात होत नाही, रक्त घेऊन बाहेर पाठवतात. यात एक गोष्ट लॅबवाले आपणहून सांगत नाहीत आणि ती महत्त्वाची आहे. या तपासणीला रक्तातल्या पेशी जिवंत लागतात, त्या लॅबमध्ये वाढवून मग बघतात, म्हणून रक्त हिरव्या बुचाच्या हेपॅरिनच्या नळीत घेतात, ते फ्रीझरमध्ये गोठवायचं नसतं आणि एक-दोन दिवसांत लॅबला पोचावं लागतं. शनिवारी संध्याकाळी रक्त दिलं आणि कुरियर सोमवारी निघालं तर आपल्या मे महिन्याच्या उन्हात त्या नमुन्याचं काय होईल विचार करा. आमचा पहिला नमुना असाच वाया गेला, एका खाजगी कलेक्शन सेंटरवर दिला होता, "ग्रोथ आली नाही" म्हणून मेसेज आला आणि तान्ह्या लेकराला परत सुई. म्हणून सोमवार-मंगळवारी सकाळीच द्या आणि आज निघणार का असं तोंडावर विचारा. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात.

रिपोर्ट आला तो व्हॉट्सअपवर. एक पीडीएफ, त्यात छत्तीस-सदतीस रांगा आणि मधेच सेहेचाळीस एक्सएक्स डेल फाइव्ह पी असं काहीतरी. सेंटरला फोन केला तर तिकडची मुलगी म्हणली, मॅडम आम्ही फक्त रिपोर्ट देतो. ह्यांनी रात्रभर मोबाईलवर शोधून शोधून काय काय वाचलं आणि सकाळी ह्यांचे डोळे बघवत नव्हते. इथं मी त्या सेवेला शून्य मार्क देते. असला रिपोर्ट समोर बसून समजावून सांगायला माणूस नसेल तर तो तसा पाठवूच नये, माझं स्पष्ट मत आहे.

डीईआयसीच्या मॅडमनी तो रिपोर्ट बघितला, म्हणल्या मी तुम्हाला मोटामोटी सांगू शकते पण जेनेटिकवाल्यांकडून एकदा नीट समजून घ्या, आणि मुंबईच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यासाठी रेफरचं पत्र करून दिलं. देवगिरी एक्सप्रेसनं रात्री निघालो, सकाळी तिथं. सोबत आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई पण होत्या, त्या हट्टानंच आल्या. रांग मोठी, केस पेपर काढायलाच खूप वेळ गेला, बसायला बाकडं कमी, लेकराला पाजायला जागा नाही, हे सगळं खरंय. पण एकदा आत गेल्यावर त्या डॉक्टर मॅडमनी जो वेळ दिला तसा वेळ मला आजपर्यंत कुठल्याच दवाखान्यात, पैसे मोजून सुद्धा मिळाला नाही.

त्यांनी आधी दोन्ही घरची माहिती घेतली, कुणाचं लेकरू दगावलं का, कुणाचे गर्भ पडले का, आमचं लग्न नात्यात झालंय का. आपल्याकडं मामाच्या-आत्याच्या घरात मुलगी देतात, आमचं पण तसंच आहे, मी ह्यांच्या मामाची मुलगी, त्यामुळं सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या. म्हणून मला वाटायचं की नात्यातल्या लग्नामुळंच हे झालं. मॅडम म्हणल्या, नात्यातल्या लग्नानं दुसऱ्या काही आजारांचा धोका वाढतो, या आजाराचा त्याच्याशी संबंध नाही. मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि आत्याबाईंकडं वळून म्हणल्या, आजी तुम्ही पोथी वाचता का? आत्याबाई म्हणल्या, हरिविजय वाचते. तर समजा, घरात पोथ्यांच्या तेवीस जोड्या आहेत, प्रत्येक जोडीत एक आईकडची एक बापाकडची. पाचव्या जोडीतल्या एका पोथीची टोकाची पानं गळाली. दुसरी पोथी पूर्ण आहे म्हणून लेकरू जन्मलं, वाढतंय, पण काही कामांना दोन्ही पोथ्या लागतात तिथं कमी पडतं. ही पानं गर्भ राहायच्या वेळेलाच गळतात, त्यानंतर आईनं काय खाल्लं, काय उचललं, ग्रहणात काय चिरलं, कशानंही काही होत नाही.

ग्रहणाचं त्यांनी आपणहून काढलं, मी काही बोलले नव्हते. मी पाचव्या महिन्यात असताना ग्रहण लागलं होतं आणि मी भेंडी चिरली होती, हे आमच्या घरात आणि अर्ध्या गावात सगळ्यांना पाठ होतं. आत्याबाईंनी त्या कागदाकडं बघत विचारलं, मग हिचा काही दोष नाही म्हणायचं? मॅडम म्हणल्या, हिचा नाही, तुमच्या पोराचा नाही, कुणाचाच नाही. आत्याबाई तिथंच रडल्या. गावात आल्यावर पारावरच्या बायकांना त्यांनीच पोथीचं सांगितलं, मी नाही. तेव्हापासून मला कुणी भेंडीचं विचारलेलं नाही. माझ्या मते कुठल्याही औषधापेक्षा हे मोठं काम त्या अर्ध्या-पाऊण तासात झालं, आणि केस पेपरच्या पैशात झालं. समुपदेशन म्हणजे दोन गोड शब्द बोलून घरी पाठवणं असं मला आधी वाटायचं, पण ती पूर्ण तपासणीच असते.

आणि एक, त्यांनी आम्हा दोघांचं पण रक्त तपासायला सांगितलं. बहुतेक घरांत, म्हणजे १०० तली ८५-९० लेकरं धरा, हा तुटलेला भाग नव्यानंच झालेला असतो, आईबापाचे क्रोमोसोम चांगले असतात. पण उरलेल्यांत आईच्या किंवा बापाच्या क्रोमोसोमचे दोन तुकडे जागा बदलून बसलेले असतात, त्यांना स्वतःला काहीच त्रास नसतो, पण लेकराला देताना कमी-जास्त जातं. तसं निघालं तर पुढच्या वेळेला परत धोका असतो, आणि मावशी-काका-आत्या यांनी पण तपासून घ्यावं लागतं. आमचं दोघांचं नॉर्मल आलं. तरी पुढच्या गरोदरपणात विचारून तपासणी करून घ्या म्हणल्या, अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा नाहीतर सोळा आठवड्यांनंतर गर्भजलाचा नमुना घेऊन कळतं. आमच्या नणंदबाईंनी लगेच विचारलं त्यात मुलगा-मुलगी कळतं का, तर ते सांगायला कायद्यानं बंदी आहे आणि सांगतही नाहीत. ज्यांचा कॅरियोटाइप नॉर्मल येतो पण लक्षणं दिसतात त्यांना मायक्रोअॅरे नावाची तपासणी सांगतात, बारीक तुटलेला भाग कॅरियोटाइपमध्ये दिसत नाही तो त्यात दिसतो, पण ती कॅरियोटाइपच्या कितीतरी पट महाग आहे, आधी सरकारी मार्गानं होते का विचारून घ्या.

आता मूळ मुद्द्यावर, आमचं डीईआयसी. हे केंद्र राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं आहे, ज्याला आरबीएसके म्हणतात, २०१३ साली सुरू झाला आणि सुरुवात आपल्या महाराष्ट्रातच पालघरला झाली. अंगणवाडीत आणि शाळेत डॉक्टरांची गाडी येते ना तपासायला, ती यांचीच. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या लेकरांसाठी आहे आणि सगळं फुकट. जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वाची कमी आणि वाढीतला उशीर असं चार प्रकारचं बघतात. फाइव्ह पी मायनस हे नाव त्यांच्या यादीत नाही, म्हणून कुणी खिडकीवर "हे आमच्याकडं येत नाही" म्हणलं तर मागं फिरू नका, वाढीतला उशीर यादीत आहे आणि तुमचं लेकरू त्यात बसतं.

तिथं एकाच छताखाली बालरोगतज्ञ, फिजिओथेरपी, कान तपासणारे, डोळे तपासणारे, दातांचे, मानसशास्त्राच्या मॅडम, विशेष शिक्षिका असे सगळे असायला पाहिजेत. असायला पाहिजेत असं लिहिते कारण कधी हे नसतात कधी ते. पण जे असतात ते जीव तोडून करतात.

सगळ्यात जास्त शिकले ते पाजायला. हसू नका, पाजणं हेच या लेकरांचं पहिल्या वर्षातलं अर्धं औषध आहे. ओठ-जीभ-गाल सैल असल्यामुळं ओढणं जमत नाही, गिळताना दूध श्वासनळीत जायची भीती, आणि वर येणंही फार. मी आडवं मांडीवर घेऊन पाजायचे, सगळ्या बायका तसंच पाजतात. फिजिओ ताईंनी लेकराला जवळजवळ बसतं धरायला शिकवलं, मान आणि पाठ एका रेषेत, हनुवटी जरा आत, आणि माझ्याच बोटांनी हनुवटीला खालून आणि गालांना दोन्हीकडून हलका आधार. पहिल्याच दिवशी फरक पडला, दूध नाकातून आलं नाही. जास्त वेळ ओढत ठेवायचं नाही, लेकरू दमतं आणि कमावलेलं वजन ओढण्यातच घालवतं, थोडं थोडं पण जास्त वेळा. जे राहील ते हातानं काढून वाटी-चमच्यानं. घरात जुनं बोंडलं, म्हणजे दूध पाजायचं चोचीचं भांडं, होतं, आत्याबाईंनी काढून दिलं, ते पण चालतं म्हणल्या, फक्त उकळून घ्यायचं आणि ओतायचं नाही, ओठाला लावून लेकराला स्वतःला घेऊ द्यायचं. पाजल्यावर वीस-तीस मिनिटं उभं खांद्यावर धरायचं. पाजताना ओठ निळे पडले, खोकला आला, आवाज घरघर झाला तर थांबायचं आणि दाखवायचं.

मधे एक महिना तिला नाकातून नळी होती. नळी म्हणलं की घरच्यांना वाटतं संपलं सगळं. तसं काही नसतं, वजन धरेपर्यंतचा तो आधार आहे. नर्स ताईंनी मला आणि ह्यांना दोघांनाही नळीतून दूध द्यायला शिकवलं, नळी जागेवर आहे का हे प्रत्येक वेळेला तपासायचं, दूध ढकलायचं नाही, आपोआप खाली जाऊ द्यायचं. बापाला शिकवलं याचं मला फार कौतुक वाटलं, नाहीतर आपल्याकडं बापाला बाहेरच बसवतात. घुटी, मध, साखरपाणी, बाळगुटीतलं जायफळ सगळं बंद करायला लावलं, आत्याबाईंना राग आला पण ऐकलं. सहा महिन्यांनंतर मऊ वरण-भात, ज्वारीच्या पिठाची पातळ पेज, आणि घट्टपणा हळूहळू वाढवायचा, कारण एकदम गुठळी आली की ही लेकरं गुदमरतात. बद्धकोष्ठ होतं त्याचंही लवकर सांगितलं, आम्ही उगं तेल चोळत बसलो नाही.

व्यायामाचं बोलायचं तर आठवड्याला एकदा तिथं आणि रोज घरी. पोटावर पालथं टाकणं, मांडीवर बसवून हात मधे आणणं, गोधडीची गुंडाळी छातीखाली देणं. महागडं काही नाही, ताई म्हणायच्या घरात जे आहे त्यातच करायचं, नाहीतर तुम्ही करणारच नाही. मान धरायला वेळ लागला, बसायला त्याहून जास्त, आता धरून उभी राहते. मशीन-बिशीन लावून महिन्याला हजारो रुपये घेणारे पण शहरात बघितले, त्यांच्यापेक्षा इथली गोधडी बरी.

तपासण्यांत त्यांनी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सगळ्यात आधी करायला लावला, कारण यातल्या बऱ्याच लेकरांच्या हृदयात छिद्र वगैरे असू शकतं. आमच्या लेकीला बारीक छिद्र निघालं, त्याला ऑपरेशनची गरज नाही, लक्ष ठेवायचं. किडनीची सोनोग्राफी, डोळे, कान. कानाची बेरा तपासणी लेकरू गाढ झोपल्यावरच होते, तर जाताना गाडीत झोपू देऊ नका, नाहीतर तिथं जाऊन टक्क जागं राहतं आणि परत तारीख मिळते. लसी सगळ्या वेळेवर द्यायच्या, अशक्त आहे म्हणून थांबवायच्या नाहीत. आणि कधी भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ञाला आजाराचं नाव आधी सांगायचं, या लेकरांचा घसा आणि जबडा बारीक असल्यामुळं नळी घालायला अवघड जाऊ शकतं. मॅडमनी मला हे फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहून दिलं. असं कोण करतं सांगा.

आता जे कमी आहे ते. बोलणं शिकवणाऱ्या थेरपिस्टची जागा मधे बरेच महिने रिकामी होती, आणि या लेकरांना तर तीच जास्त लागते. यांना समजतं खूप, बोलता येत नाही, त्यामुळं चिडतात, डोकं आपटतात, स्वतःच्या हाताला चावतात. नवीन ताई आल्यावर त्यांनी हाताच्या खुणा शिकवल्या, पाणी, अजून, नको, ये. लेकीनं पहिल्यांदा दोन्ही हात जोडून "अजून" केलं तेव्हा चिडणं निम्म्यावर आलं. हे सहा महिने आधी झालं असतं. कंत्राटी पदं भरायला एवढा उशीर का लागतो, लेकराच्या मेंदूची पहिली तीन वर्षं कुणासाठी थांबत नाहीत.

दुसरं, आयांना लेकराला पाजायला आडोसा नाही. पाजायचं शिकवणारं केंद्र आणि पाजायला एक पडदा नाही, हे फार लागतं मनाला. तिसरं, पाठपुराव्याचं. आमच्यासोबत एक ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली बाई यायची, तिच्या लेकराला डाऊन आहे. दिवाळीनंतर टोळी गेली की ती थेट उन्हाळ्यातच दिसायची, तोपर्यंत लेकरू शिकलेलं विसरलेलं असायचं. तिच्या हातात निदान एक कागद द्या चित्रांचा, कारखान्याच्या तिकडच्या केंद्राला एक फोन करा, एवढं तर होऊ शकतं. मराठवाड्यातून दरवर्षी किती घरं जातात, हे प्रशासनाला नवीन आहे का?

कागदपत्रांचंही सांगते कारण तिथल्या समाजसेवक सरांनी आमचं ते काम केलं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या, ऑनलाइन अर्ज होतो, तपासणी जिल्हा रुग्णालयात होते, अपंगत्व ४० टक्के किंवा त्याच्या वर असलं की सवलती लागू होतात. लहान लेकराला आधी काही वर्षांपुरतं देतात, मग परत तपासतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बौद्धिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलं की नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचा पण खर्च बसतो, असा विमा मी दुसरीकडं बघितला नाही. बिलं सगळी जपून ठेवा, पैसे आधी आपण भरायचे आणि मग मागायचे असतात. एसटीची सवलत पण आहे. आमच्या गावातले लोक म्हणले, पोरीवर अपंगाचा शिक्का कशाला मारता. ह्यांनी शांतपणे सांगितलं, शिक्का नाही, तिचा हक्क आहे.

मार्क द्यायचे तर आमच्या डीईआयसीला पाचपैकी चार, तो कापलेला एक रिकाम्या जागेचा आणि पडद्याचा. मुंबईच्या जेनेटिक ओपीडीला समजावून सांगण्यासाठी पाचपैकी पाच, बसायच्या सोयीसाठी दोन.

जाणाऱ्यांसाठी थोडं. सोमवारी आणि बाजाराच्या दिवशी गर्दी असते, त्यामुळं मधले दिवस बघा आणि दहाच्या आत पोचा, फिजिओच्या खोलीत दुपारनंतर वेळ मिळत नाही. लेकराचा जन्माचा कागद, डिस्चार्ज कार्ड, लसीचं कार्ड, आईबापाचं आधार आणि आधीचे सगळे रिपोर्ट एका फाइलीत न्या, झेरॉक्स बाहेरूनच काढून न्या. लेकरू विचित्र रडतं किंवा दूध खेचत नाही असा रडण्याचा-पाजण्याचा एक छोटा व्हिडिओ मोबाईलवर काढून ठेवा, डॉक्टरसमोर लेकरू नेमकं गप झोपतं. आणि आमच्यासारखं फाइव्ह पी मायनसचं घर मराठवाड्यात आणखी कुठं असेल तर खाली लिहा, कुठल्या तालुक्याचे आणि लेकरू किती वर्षांचं एवढंच लिहिलं तरी चालेल, नळी आणि खुणांबद्दल जे मला येतं ते मी फोनवर सांगीन.